खोकलो नाही, खाकरलो

६ जानेवारी, मंगळवार

खोकलो होतो, बस्. तू उगाच डोळे बारीक करू नकोस. माणसाला खोकला येतो. चाकणला रस्ता खणून ठेवलाय, अख्ख्या कंपनी-बसला खोकला आहे. तू कोण, ही वही का उघडलीस, मला माहीत नाही. पण उघडलीसच तर आधी सगळं ऐक, मग तोंड वाकडं कर.

आज सुनंदाताईंची परीक्षा होती. तिसऱ्या चतकोराची.

आता चतकोर म्हणजे काय तेही तुला सांगायला लागणार. आमच्या कंपनीत गाड्यांचं वायरिंग बनतं. मी बनवत नाही, मी ट्रेनिंग रूमला. घेतलं होतं इंग्रजी सूचनांचं मराठी करायला, एमए मराठी म्हणून. सहा महिन्यांत परीक्षा घ्यायलाही लावलं. भिंतीवर एक तक्ता आहे. उभी बायांची नावं, आडवी कामं, प्रत्येक घरात एक गोल, गोलाचे चार भाग. एक काळा केला म्हणजे काम माहीत आहे. दोन म्हणजे शेजारी कुणी असेल तर जमतं. तीन म्हणजे एकटीला जमतं. चार म्हणजे दुसरीला शिकवता येतं. बाया गोलाला भाकरी म्हणतात आणि भागाला चतकोर. "माझी भाकर कुठवर आली ओ सर?" एवढंच.

परीक्षा अशी: न बघितलेला चार्ट, दहा वायरी. वायरीचा रंग चार्टवर इंग्रजी अक्षरांत. अक्षर वाचायचं, रॅकमधून ती वायर उचलायची, बरोबर भोकात बसवायची. तपासणाऱ्याने बोलू नये, खुणावू नये, मान हलवू नये. हे वाक्य मीच मराठीत आणलंय. खोकू नये असं मूळ इंग्रजीत नव्हतं.

सहा बरोबर. सातव्याला ताईंचा हात लाल वायरीवर गेला. चार्टवर निळी होती. मी खोकलो. हात थांबला. माझ्याकडे बघितलं नाही, नुसता थांबला, सरकला, निळी उचलली. दहाला दहा.

"मदत घेतली का?" या रकान्यात मी "नाही" लिहिलं आणि भाकरी पाऊण केली. पेनाने.

त्यांची ही दुसरी खेप होती. दुसऱ्यांदा नापास झाली की कंत्राटदार गेटपास काढून घेतो. परभणीकडून आलेली बाई, कुरुळीत एका खोलीत तिघं राहतात. तू काय केलं असतंस?

८ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. चिंचवडची खोली, खाली सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीची घरघर.

कादंबरीला बसलो. (फक्त सूचनांची कादंबरी. एकही पात्र नाही, सगळी क्रियापदं आज्ञार्थी. दोन मित्रांना सांगितली, एक म्हणाला, "म्हणजे कुकरचं माहितीपत्रक?") एक पान झालं. वाईट.

मंगळवारचा तपासणीचा कागद सोबत आणलाय, आणायचा नसतो. त्यातल्या "निरीक्षण" रकान्यात सातव्या वायरीबद्दल एक अक्षर नाही. तिथे मी ताईंचं एक वाक्य उतरवून घेतलंय. परीक्षेआधी त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या:

"आधी लुगडं, मग काठ. हिरव्या लुगड्याला पिवळा काठ, ती निराळी. पिवळ्या लुगड्याला हिरवा काठ, ती निराळी."

दोन रंगांच्या वायरींसाठी. चार्टवर मधे डॅश देऊन दोन अक्षरं असतात, पहिलं अंगाचं, दुसरं रेघेचं. ही गोष्ट सांगायला मी दीड पान खर्च केलं होतं, "मूळ वर्ण" आणि "रेखावर्ण" असले शब्द घालून. कुणाला कळलं नाही. आणि या बाईने... 

म्हणजे परीक्षा चालू असताना मी खूश होतो. हे तुला सांगायला पाहिजे. माझं अर्धं लक्ष त्या वाक्यात होतं.

१२ जानेवारी, सोमवार

नवा सूचना-कागद छापून घेतला. वर मोठ्या अक्षरात "आधी लुगडं, मग काठ". शेजारी दोन साड्यांची चित्रं, मीच काढली. खाली नेहमीसारखं "तयार करणारा" आणि माझं नाव. तिथे दुसऱ्या नावाला जागाच नसते. फॉर्म तसा आहे.

अक्षरांची यादी (कुठलं अक्षर म्हणजे कुठला रंग) रुक्ष दिसत होती, पान खात होती. मागच्या बाजूला टाकली. झेरॉक्सवाल्याने एकाच बाजूने काढले, चाळीस प्रती. म्हटलं, राहू दे, सुटसुटीत दिसतंय.

आमचं वायरिंग घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे दोन जण पाहणीला आले होते. कागद बघून हसले, मोबाइलवर फोटो काढला. घुले सर (ट्रेनिंगचे हेड, तेवीस वर्षं याच कामात) माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लेखक ठेवल्याचा फायदा झाला, राव."

ताई तेव्हा दारातून लाइनवर चालल्या होत्या. कागदाकडे बघितलं. चित्रं बघितली असतील. काठ जरा रुंद झालाय.

१७ जानेवारी, शनिवार

जेवणानंतर अर्धा तास घु. सरांचा वर्ग असतो. अर्धी भाकर झालेल्यांना पुढचं शिकवायला. आज सु.ताई वही घेऊन मागच्या बाकावर येऊन बसल्या.

घु. सर: "ताई, तुम्ही चुकून आलात का?"

"नाही की ओ सर. मला बी ती अक्षरं नीट शिकायचीत."

"तुमची पाऊण झालीय. हा अर्धीवाल्यांचा वर्ग. तुम्ही इथं बसलात तर तिकडं लाइन कोण चालवणार?"

"पाऊण झाली म्हनून शिकायचंच नाही व्हय?"

सगळ्या हसल्या. घु. सरपण हसले. पण नियम म्हणजे नियम, उठवलं. जाताना ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरत होतो. भरलेलाच होता.

लिहून ठेवतो, कारण नंतर विसरल्याचं सोंग आणीन: चतकोर हे बक्षीस नाही. भिंतीवरची भाकर बघून ठरतं, कुणाला आता काय शिकवायचं. मी भाकर भरली आणि बाईचं शिकणं बंद केलं. बक्षीस समजून.

२० जानेवारी, मंगळवार

तीन नव्या पोरी आल्या. घु. सरांनी सुनंदाताईंच्या हाताखाली दिल्या. "समजावून बरं सांगते बाई." अधिकृत नाही, चौथा चतकोर नाही, नुसतं "जरा बघा हो यांच्याकडे".

मी उगाच तिकडून दोन चकरा मारल्या. ताई बोलतायत, हात चालूच आहेत, पोरींची नजर हलत नाही. मनीषा शेजारच्या स्टेशनला (म्हणजे कामाच्या टेबलाला) असते, कुरुळीचीच, तिची सासरची जमीन कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून. ती म्हणाली, "मास्तर, ह्या बाईला तोंड न्हाई, रेडिओ हाय. तुमचा पगार हिला द्या, आन् तुमी वायरी लावा."

"लावतो की."

"तुमची तर चतकोर बी व्हायची न्हाई."

खरं आहे. मागच्या वर्षी बसलो होतो, दहातल्या चार चुकल्या.

२७ जानेवारी, मंगळवार

कालच्या झेंडावंदनाच्या पताका अजून गेटला. आज वातावरण तंग.

नव्या पोरींनी सरावाला बनवलेलं वायरिंग टेस्ट-टेबलवर लावलं, लाल दिवा. दुसरीचं, लाल दिवा. तिसरीचं, तोच. नवा चार्ट होता, नवीन मॉडेल. तिघींची एकाच भोकात चूक.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "कच्च्या आहेत. शनिवारी बदलून देतो."

घु. सर त्याच्याशी बोलले नाहीत. मला बाजूला घेतलं. "तिघी तीन चुका करतात तेव्हा पोरी कच्च्या असतात. तिघी एकच चूक करतात ना, तेव्हा शिकवणारा पक्का असतो. जा, बघ कुठून आलीय."

पाय जड होणं हा वाक्प्रचार मी कधी वापरत नाही, घिसापिटा आहे. आज वापरतो.

२८ जानेवारी, बुधवार

सापडलं. दोन मिनिटं लागली.

तिघींत लहान पूजा. तिला चार्टवरचं एक अक्षर दाखवलं, एल. म्हटलं, "हा कुठला रंग?"

"लाल."

"कशावरून?"

"एल म्हणजे ल. ल म्हणजे लाल. ताईंनी सांगितलंय. एल नं लता, एल नं लातूर, एल नं लाल."

आमच्याकडे एल म्हणजे निळा. बी काळ्याला गेलाय, म्हणून निळ्याला एल. हे कुठेही लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिलेलं आहे, माझ्या कागदाच्या मागच्या बाजूला, जी छापलीच नाही.

"आणि आर?"

"आर म्हणजे राणी कलर. आपल्याकडची राणी जरा गडद आहे, असं ताई म्हणतात."

आर म्हणजे रेड. राणी समजूनसुद्धा हात लाल वायरीवरच जातो, म्हणून आतापर्यंत निभावलं. आणि सु.ताईंच्या स्टेशनवरच्या जुन्या मॉडेलला एलची वायरच नाही. तीन आठवडे एकही चूक नाही, कारण चुकायला जागाच नव्हती.

सातवी वायर. सहा जानेवारी. एल.

तेव्हा मला वाटलं होतं, हात घसरला. घसरला नव्हता. बाईने अक्षर वाचलं होतं, तिच्या पद्धतीने नीट वाचलं होतं. नापास केली असती तर मला विचारावंच लागलं असतं, ताई, लाल का उचलली? उत्तर मिळालं असतं. एक अक्षर शिकवायचं होतं. पाच मिनिटांचं काम.

घु. सरांना संध्याकाळी म्हटलं, "बघतोय अजून."

२९ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. ताईंना जाऊन सांगायचं ठरवलं. चिंचवडहून निघालो, भोसरीला बस बदलली, मोशीला उतरलो. मोशीला माझं काहीही काम नाही. उसाचा रस प्यायलो. परत आलो.

एक गोष्ट. आता कोण ऐकतंय म्हणून सांगतो. तू पहिल्या पानापासून ज्या नजरेने बघतोयस ना, ती बरोबर होती. खोकला येतो. खाकरावं लागतं. मी खोकलो नव्हतो. खाकरलो होतो. दारात उभं राहून म्हातारी माणसं खाकरतात तसं, आतल्या बाईने पदर सावरावा म्हणून.

३० जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. कँटीनबाहेरच्या कट्ट्यावर. त्या डबा विसळून आल्या होत्या, हात ओलेच.

मी बरंच लांबण लावलं. त्यांनी मधेच तोडलं.

"म्हंजे एल म्हंजे निळा."

"हो."

"आन् पोरींना मी लाल शिकवलं."

"हो. पण चूक माझी—"

"थांबा ओ. पोरी जायलेत का?"

"उद्या कंत्राटदार बदलणार म्हणतोय."

ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "तुमी त्या दिवशी खोकलात."

"तुम्हाला कळलं होतं?"

"कळणार नाही व्हय? मला वाटलं, सरांना लाल नको असंल, त्याच्या शेजारची बघावं. शेजारी निळी व्हती. सर गप बसले, म्हनलं असंल निळी. का, ते मला काय म्हाईत? मी घरी जाऊन पोरीची अंकलिपी बघितली. त्यात एल फॉर लायन हाय. शिंव्ह काय निळा असतो व्हय?"

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

"लाल का धरली, एवढंच इचारायचं व्हतं की ओ, सर. वर्गात बसायला आले तर म्हने पाऊण झाली."

मी म्हटलं, मला वाटलं तुमचं काम जाईल. त्या म्हणाल्या, "माझं काम वाचवलंत. मला इचारून वाचवलं असतंत तर बरं झालं असतं."

मग मी दुसरं सांगितलं. लुगड्याचं. कागदावर माझं नाव आहे ते.

"ते बघितलं मी. काठ लई रुंद काढलाय तुमी. इरकलीला बी एवढा नसतो." डबा पिशवीत टाकला. "खोडा ती भाकर. पोरींचं नाव येऊ देऊ नका. आन् मला परत बसवा. पण तुमी नगा येऊ तिथं."

३१ जानेवारी, शनिवार

सकाळी पहिल्यांदा घु. सर. टेबलावर नवा कागद ठेवला. सुनंदाताईंच्या गोलात पहिला, दुसरा आणि चौथा भाग काळा. तिसरा रिकामा.

"हे काय?"

सांगितलं. खाकरण्यासकट. एलसकट. लुगडं कुणाचं तेही.

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत होते. मग गोलावर बोट ठेवलं. "असं नसतं रे. तिसरा झाल्याशिवाय चौथा भरता येत नाही. कॉम्प्युटर घेतच नाही."

"पण सर, तिने तिघींना आठवड्याभरात पक्कं शिकवलं. चुकीचं शिकवलं, पण पक्कं. शिकवणं तिला येतंच. जो चतकोर तिचा नव्हता तो मी दिला, आणि जो तिचा होता तो मी खाल्ला."

"हे तुझ्या वहीत लिही. इथं बोलू नकोस." मग जरा वेळाने, "वाक्य चांगलंय." हसले नाहीत.

ठरलं ते असं. पोरी राहतात, त्यांना आजच एल सांगायचा. ताईंची मागची परीक्षा रद्द, भाकर अर्धी, वर्गाला बसायचं. मंगळवारी परत परीक्षा, हीच दुसरी खेप धरायची. "त्यात गेली तर मग माझ्या हातात नाही, गेटपास जाणार. परीक्षा मी घेणार. तुझं काय करायचं ते नंतर बघू."

शिस्तीचं पत्र येईल बहुतेक. भीती वाटत नाही. मला भीती दुसरीच आहे: मी खरं बोललो म्हणून मला आतून बरं वाटतंय, आणि त्या बरं वाटण्याचं भाडं मंगळवारी ती बाई भरणार.

तक्त्यावरचा काळा भाग खोडायला गेलो. पेनाचा होता, जाईना. पांढरी पट्टी चिकटवली. लांबूनसुद्धा दिसते.

२ फेब्रुवारी, सोमवार

कागद दोन्ही बाजूंनी छापून आणला. "तयार करणारा"मध्ये दोन नावं दाटीवाटीने बसवली, त्यांचं आधी. ताईंना दाखवला. नाव वाचलं, मग उलटून मागची यादी वाचली, बोट ठेवून.

वर्गात आज पुढच्या बाकावर होत्या, शेजारी नव्या पोरी, सरांनी मुद्दाम बसवलेल्या. घु. सरांनी जी आणि जीआर घेतलं, हिरवा आणि राखाडी. बी आणि बीआर, काळा आणि तपकिरी. मी मागे कपाट लावत होतो. एल आल्यावर पूजा म्हणाली, "ताई, आता हा लक्षात कसा ठेवायचा?"

ताई म्हणाल्या, "एल लबाड हाय. लाल म्हनतो आन् निळा निघतो. एल म्हंजे लबाड."

वर्ग खिदळला. मनीषा कशाला आली होती कुणास ठाऊक, दारातून म्हणाली, "आपल्या मास्तरांचं नाव कशावरून सुरू व्हतंय गं?"

एलवरून होत नाही. पण हे मी मोठ्याने बोललो नाही.

सुटताना ताईंना म्हटलं, "उद्या जमेल."

"जमंल म्हनून सांगू नका. तेवढं तरी नका सांगू."

३ फेब्रुवारी, मंगळवार

अडीचची वेळ. मी सव्वादोनला रॅक लावून दिला. लाल आणि निळी शेजारी-शेजारीच येतात, क्रमच तसा आहे. बदलावासा वाटला. हात लावला नाही.

ताई आल्या. केस चापून बांधलेले, मनगटात बांगड्या वर सरकवून रबर लावलेलं. घु. सर स्टॉपवॉच घेऊन. मला म्हणाले, "चल, तू नीघ."

बाहेर आलो. दाराला वर काचेची चौकोनी पट्टी आहे. बघायचं नव्हतं. बघितलं.

पहिली. दुसरी. ओठ हलतायत, लुगडं, काठ. चौथीला जीआर होता, राखाडी उचलली, बरोबर. पाचवी. सहावी. मोजत होतो. चार्ट मला पाठ आहे, मीच प्रिंट काढलीय. सातव्याला परत एल. घु. सरांनी मुद्दाम ठेवलाय.

हात रॅकवर गेला आणि थांबला. लाल आणि निळ्याच्या मधोमध. आणि ताईंनी मान वर केली. सरांकडे नाही. सरांच्या उजवीकडे, त्या दिवशी मी जिथे उभा होतो तिथे. तिथे आता कुणी नव्हतं, नुसती फायलींची मांडणी. मग नजर तशीच सरकत दाराकडे यायला लागली, काचेकडे.

घसा खवखवत होता. खरंच. या वेळी खरंच खोकला येत होता, धुळीचा. तोंडावर रुमाल दाबला.

नजर काचेपर्यंत यायच्या आत मी वळलो आणि जिन्याने खाली आलो. गेटपर्यंत न थांबता. रस्त्यावर डंपर चालले होते, तिथे मोकळा खोकलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आता तू विचारणार, कुठली उचलली.

विचारू नकोस, मी परत वर गेलोच नाही. बस लागलीय. मी चाललो.